लाटसाहेबांच्या बंगल्यात विद्यापीठ

राज्यकर्त्याचा वाडा रिकामा झाला की तिथे शिक्षणाची सोय करायची, असे पुण्यात दोनदा घडले आहे. पहिल्यांदा 1821 साली. पेशवाई बुडून तीन वर्षे होतात न होतात तोच दुसऱ्या बाजीरावाच्या विश्रामबागवाड्यात इंग्रजांनी संस्कृत पाठशाळा काढली. त्यासाठी पैसा लागला तो पेशव्यांच्याच दक्षिणा निधीतला. पुढे डेक्कन कॉलेजचा वेल त्या पाठशाळेतून वर चढला. दुसऱ्यांदा हे घडले 1949 साली, गणेशखिंडीत. या वेळी वाडा इंग्रज गव्हर्नराचा होता आणि विद्यापीठ आपले.

या दुसऱ्या घराची हकीकत पुणेकर सहसा अर्धीच सांगतो. 'काय सुंदर इमारत! काय ते वड!' इथे ती सुरू होते आणि इथेच संपते. इमारत देखणी आहे यात वाद नाही. पण ती देखणी कोणासाठी केली, कोणाच्या पैशाने केली आणि कोणाला बाहेर ठेवण्यासाठी केली, हे कळल्यावाचून विद्यापीठाची वाटचाल कळायची नाही.

जागेपासून सुरुवात करू. 5 नोव्हेंबर 1817 रोजी पेशव्यांची फौज गणेशखिंडीच्या बाजूने खडकीच्या माळावर उतरली. सेनापती बापू गोखले घोड्यावर होते आणि बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता. इंग्रजांच्या बाजूला कर्नल बर होता. ऐन लढाईत त्याला येऊन मिळाला तो दापोडीचा कॅप्टन फोर्ड. फोर्ड आणि त्याची पलटण पेशव्यांचेच मीठ खात होती. याच फोर्डचा मुळेकाठचा दापोडीचा बंगला पुढे गव्हर्नर सर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत सरकारने घेतला आणि गव्हर्नर पुण्यात आला की तिथे उतरू लागला. भोवती सरकारी वनस्पती-उद्यानही झाले. म्हणजे गणेशखिंडीतला वाडा उभा राहण्यापूर्वी सुमारे पस्तीस वर्षे लाटसाहेबांचे पावसाळी बिऱ्हाड एका लष्करी अंमलदाराच्या जुन्या घरात होते आणि त्यावाचून मुंबई इलाख्याचा कारभार अडलेला नव्हता.

अडले ते सर बार्टल फ्रियर यांचे. फ्रियर 1862 साली गव्हर्नर झाले. माणूस कर्तबगार होता आणि मुलखाचा जाणकारही. तरुणपणी पुण्यात असिस्टंट कलेक्टर आणि पुढे साताऱ्यात रेसिडेंट म्हणून त्यांनी नोकरी केलेली होती. साताऱ्याचे राज्य खालसा होताना त्यांनी विरोध नोंदवला होता, हे त्यांच्या बाजूने सांगितले पाहिजे. मुंबईच्या कोटाचे तट पाडून नवी मुंबापुरी आखली तीही त्यांच्याच काळात. या साऱ्या बांधकामाच्या हौसेला पैसा मिळाला तो कापसातून. अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्या कापसाला सोन्याचा भाव दिला. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागले. त्याच उधाणात, 1864 साली, गणेशखिंडीच्या बंगल्याचा पाया घातला गेला. वास्तुविशारद होते जेम्स ट्रबशॉ.

पुढच्याच वर्षी युद्ध संपले. कापसाचा भाव कोसळला, पेढ्या बुडाल्या, बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे वाजले. गणेशखिंडीतले काम मात्र चालूच राहिले. दापोडीचा जुना बंगला विकून टाकला होता. फ्रियर 1867 मध्ये गेले, सर सेमूर फिट्झजेराल्ड आले आणि त्यांच्या वेळी, 1871 साली, घर पुरे झाले. खर्च अंदाजाबाहेर गेल्याची बोंब विलायतेत पार्लमेंटपर्यंत पोचली आणि मुंबईचे गव्हर्नर वरिष्ठांना न जुमानता उधळपट्टी करतात याचे उदाहरण म्हणून गणेशखिंडीचे नाव घेतले जाऊ लागले. ही साम्राज्याची जुनीच खोड. साठ वर्षांपूर्वी कलकत्त्यात गव्हर्नर जनरल वेलस्लीनेही स्वतःसाठी असाच प्रासाद बांधला होता, तेव्हाही ईस्ट इंडिया कंपनीचे संचालक संतापले होते. आधी बांधायचे, मग बोलणी खायची. घर काही कोणी पाडून टाकत नाही.

बोलणी खाल्ली विलायतेत. किंमत मोजली ती इकडे. कापसाच्या भावावर विसंबून ज्यांनी सावकाराचे कर्ज काढले होते, ज्यांचा शेतसारा त्याच सुमारास नव्या पाहणीत वाढवला गेला, ते कुणबी 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला उठले. सावकारांच्या घरातली खतपत्रे बाहेर काढून त्यांनी त्यांची होळी केली. दुष्काळ त्यापाठोपाठ आलाच. गणेशखिंडीच्या मनोऱ्यावरून सुपे दिसत नाही. पण कापसाच्या एकाच तेजीने हा मनोरा वर नेला आणि तो शेतकरी खाली बसवला, हे इतिहासात शेजारीशेजारी मांडलेले बरे.

आता घराकडे पाहू. शैली इटालियन वळणाची. कमानींच्या रांगा, लांबच लांब पसरलेला देह आणि एका अंगाला उंच मनोरा. राणी व्हिक्टोरिया आणि प्रिन्स अल्बर्ट यांनी वाइट बेटावर 1845 नंतर बांधून घेतलेल्या ऑस्बर्न हाऊसची आठवण जाणकारांना होते. राणीच्या घरासारखे घर राणीच्या सुभेदाराला हवे, हा त्यातला सरळ हिशेब. दगड मात्र इथलाच, आपला काळा पाषाण, आणि तो घडवणारे हातही इथलेच. अशा इमारतींच्या इतिहासात वास्तुविशारदाचे आणि गव्हर्नराचे नाव येते, पाथरवटाचे येत नाही.

शनिवारवाडा आणि हे घर शेजारी ठेवून पाहावे, म्हणजे सत्ता बदलली म्हणजे नेमके काय बदलले ते कळते. शनिवारवाडा पेठांच्या कुशीत आहे. दिल्ली दरवाजासमोर बाजार भरे, वर नगारखाना वाजे. तटबंदी भक्कम, दाराला हत्तीने धडक मारू नये म्हणून अणकुचीदार खिळे. आतले सारे वैभव चौकांत, कारंज्यांत, महिरपींत, म्हणजे बाहेरून न दिसणारे. पेशव्याला शत्रूची भीती होती, म्हणून त्याने भिंत घातली. पण गाव त्याच्या दारात होते. गावाचा गलबला त्याच्या कानावर जातच असणार.

इंग्रज गव्हर्नराने भिंत घातली नाही. त्याने अंतर घातले. घर शहरापासून काही मैल दूर, खडकीच्या छावणीच्या आधाराला. भोवती शेकडो एकरांची मोकळीक. फाटकातून आत शिरले की घर लगेच दिसत नाही. झाडांमधून वळत जाणारा रस्ता पाहुण्याला थोडा वेळ ताटकळत ठेवतो आणि मग एकदम सारा पसारा समोर उभा करतो. पोर्चमध्ये बग्गी थांबायची. पायी येणाऱ्याची ती वाटच नव्हे. कमानींचे व्हरांडे उन्हापासून बचाव करतात हे खरे, पण तिथे उभे राहणारा माणूस खालच्या हिरवळीवरच्या माणसापेक्षा नेहमी काही पायऱ्या वर असतो, हेही तितकेच खरे. मनोऱ्याचा संरक्षणासाठी तसा उपयोग नाही. तो दुरून दिसावा म्हणून आहे. साहेब इथे आहेत, एवढेच त्याने सांगायचे.

आणि साहेब वर्षभर नसतच. मुंबईच्या गव्हर्नराचे वर्ष ऋतूंप्रमाणे वाटलेले: हिवाळा मलबार पॉइंटला, उन्हाळा महाबळेश्वरी, पावसाळा पुण्यात. पावसाळ्याचे थोडे महिने वापरायचे हे घर, बाकीचे दिवस त्याची झाडलोट होत राहायची.

इमारतीच्या पोटात एक भुयारही आहे. त्याविषयी गावात सुरस कथा आहेत. कोणी ते थेट शनिवारवाड्याला नेऊन भिडवतो, कोणी गुप्त खजिन्याच्या गोष्टी सांगतो. जाणकारांचे म्हणणे साधे आहे आणि मला तेच पटते: मुदपाकखाना आणि नोकरचाकर यांची ये-जा नजरेआड राहावी, म्हणून ही वाट. वर झुंबराखाली मेजवानी चालावी, ताटे वेळेवर यावीत, पण ताटे आणणारा माणूस हिरवळीवरून चालताना कोणाला दिसू नये. मनोरा आणि भुयार ही एकाच विचाराची दोन टोके आहेत. एकाने मालक सगळ्यांना दिसायचा, दुसऱ्याने चाकर कोणालाच दिसायचा नाही. या घराबद्दल एकच गोष्ट सांगायची मुभा मिळाली तर मी ही सांगेन.

पण अंतर राखणाऱ्या घराला एक वर्म असते: रस्ता. आतल्या माणसाला कधीतरी बाहेर पडावे लागते. 22 जून 1897 ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा सोहळा याच घरात होता. लॉर्ड सँडहर्स्ट तेव्हा गव्हर्नर. शहरात प्लेगच्या बंदोबस्ताने लोक पिचलेले. सोजिरांनी घरात शिरून केलेल्या झडत्या, स्वयंपाकघरे आणि देवघरे बाटवल्याच्या तक्रारी, आणि या साऱ्याच्या माथ्यावर प्लेग कमिटीचा अध्यक्ष वॉल्टर चार्ल्स रँड. रँड मेजवानीला जाताना चापेकर बंधूंनी त्याला पाहिले होते. पण तेव्हा उजेड होता, गर्दी होती. त्यांनी परतीची वाट धरायचे ठरवले. मध्यरात्रीच्या सुमारास रँडची गाडी फाटकाबाहेर पडली आणि ठरलेली खूण ऐकू आली, 'गोंद्या आला रे आला'. गाडीमागे धावत दामोदरपंतांनी मागून चढून गोळी झाडली. पाठच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्णपंतांनी. आयर्स्ट जागीच ठार झाला, रँड 3 जुलैला गेला. 1898 आणि 1899 मध्ये तिघे भाऊ आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे फासावर चढले. घरात शिरणे चापेकरांना शक्यच नव्हते. दिव्यांची रोषणाई जिथे संपली, तिथून पुढचा अंधारा रस्ता तेवढा त्यांचा होता.

त्याच प्लेगने मुंबईतला दुसरा सरकारी प्रासाद रयतेच्या उपयोगी आणला, ही गोष्टही इथे नोंदवण्याजोगी. परळचे जुने गव्हर्नमेंट हाऊस गव्हर्नरांनी सोडून दिले होते. 1882 मध्ये गव्हर्नरपत्नी लेडी फर्ग्युसन तिथे कॉलऱ्याने वारल्यानंतर त्या जागेचा धसकाच बसला होता. 1899 साली तिथे डॉ. हाफकिन यांची प्लेग प्रयोगशाळा आली, आज जी हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. जिथे नाच झाले, तिथे लस तयार होऊ लागली. स्वातंत्र्यानंतर अशी अदलाबदल देशभर झाली. कलकत्त्याच्या बेल्वेडियरमध्ये राष्ट्रीय ग्रंथालय गेले, सिमल्याच्या व्हाइसरॉयच्या निवासात 1965 साली प्रगत अध्ययन संस्था सुरू झाली. गणेशखिंडीचे घरही याच रांगेतले.

महाराष्ट्रासाठी वेगळे विद्यापीठ हवे ही मागणी जुनी होती. मुंबई विद्यापीठाच्या छत्राखाली सगळा इलाखा होता, सिंधपासून कर्नाटकापर्यंत. 1942 मध्ये मुंबई सरकारने बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढे 10 फेब्रुवारी 1948 ला विधिमंडळाने पुणे विद्यापीठाचा कायदा मंजूर केला आणि वर्षाने, 10 फेब्रुवारी 1949 ला, विद्यापीठ स्थापन झाले. पहिले कुलगुरू अर्थातच जयकर. जागा मिळवून देण्याचे श्रेय मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना. शिक्षणखातेही त्यांच्याकडेच होते. 1950 च्या सुरुवातीला 411 एकरांचा परिसर विद्यापीठाच्या ताब्यात आला. संलग्न महाविद्यालये तेव्हा 18, विद्यार्थी आठ हजारांवर, अधिकारक्षेत्र 12 जिल्ह्यांचे. खेरांनी गावातला एखादा कोंदट वाडा देऊन बोळवण केली असती तरी कोणी हरकत घेतली नसती, इतकी निकड होती. त्यांनी गव्हर्नराचे घर दिले. नव्या सरकारचा याहून नेटका निर्णय मला दुसरा आठवत नाही.

जयकरांनंतर रँग्लर परांजपे आले, मग दत्तो वामन पोतदार, मग काकासाहेब गाडगीळ, धनंजयराव गाडगीळ. पोतदारांसारखा पेशवाईचे कागद चाळण्यात हयात घालवलेला इतिहासकार खडकीच्या लढाईच्या माळाला लागून असलेल्या इंग्रज गव्हर्नराच्या घरात कुलगुरू म्हणून बसला, हा योग काळाने मुद्दाम जुळवून आणावा असाच.

एक गोष्ट मात्र त्या वेळी ज्यांनी ठरवली, त्यांना विचारावीशी वाटते. मुख्य इमारतीत गेला तो कारभार. कुलगुरूंचे दालन, अधिकाऱ्यांच्या खोल्या, बैठकांच्या जागा तिथे आल्या. शिकणे-शिकवणे आवारातल्या इतर इमारतींत गेले, पुढे त्यासाठी नव्या इमारती उठल्या. मोठ्या सभागृहाला संत ज्ञानेश्वरांचे नाव मिळाले आणि अधिसभेची खडाजंगी तिथे होऊ लागली. नाव बदलले, भाषा बदलली. पण दुरून आलेल्या विद्यार्थ्याला अर्ज घेऊन कमानींखाली ताटकळावे लागे तेव्हा घराने आपली जुनी सवय पुरती सोडलेली नाही, असे मला नेहमी वाटत आले. ग्रंथालय या मुख्य घरात असते तर? जयकर ग्रंथालयाला स्वतःची प्रशस्त इमारत मिळाली, चांगलेच झाले. तरी मनोऱ्याखाली वाचनालय आणि बाजूच्या इमारतीत कुलसचिव, ही मांडणी मला मनातून अधिक आवडली असती.

विद्यापीठ वाढले तसे आकसलेही. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले, 1990 मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झाले. बारा जिल्ह्यांवरून क्षेत्र पुणे, नगर आणि नाशिक इतके उरले. महाविद्यालयांची संख्या मात्र शेकड्यांत गेली. आवारात इतर संस्था आल्या. त्यांतली एक वास्तू इथे मुद्दाम सांगण्यासारखी. डॉ. जयंत नारळीकरांनी 1988 साली उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. तिचे वास्तुविशारद चार्ल्स कोरिआ. दगड तोच, काळा. पण समोर भव्य पोर्च नाही, दुरून धाक घालणारा मनोरा नाही. मध्यभागी पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारे कुंड आहे, त्याच्या चार बाजूंना आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन उभे आहेत. माणसाने वर बघायचे ते तारे बघायला, कुणा साहेबाकडे नव्हे. एकाच माळावर सव्वाशे वर्षांच्या अंतराने बांधलेली ही दोन घरे विद्यार्थ्यांनी एका दिवशी लागोपाठ पाहावीत.

2014 मध्ये विद्यापीठाच्या नावाला सावित्रीबाई फुले यांचे नाव जोडले गेले. इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. 1880 च्या सुमारास व्हाइसरॉय पुण्याला येणार होते. त्यांच्या स्वागतासाठी हजार रुपये खर्चण्याचा ठराव नगरपालिकेत आला. सरकारनियुक्त सभासदांपैकी एकट्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, असे त्यांचे म्हणणे. पुढे 1888 साली राणीचा मुलगा, ड्यूक ऑफ कॅनॉट, यांच्या मेजवानीला ते शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि या जडजवाहिरे घातलेल्या पाहुण्यांवरून हिंदुस्थान ओळखू नका, असे त्यांनी राजपुत्राला सुनावले. त्या जोतीरावांच्या सावित्रीबाईंचे नाव ज्या घरावर लागले, ते घर ज्या मेजवान्यांसाठी बांधले होते, त्यांची यादी डोळ्यासमोर आणली की नामांतराचे वजन कळते. 2022 मध्ये मुख्य इमारतीच्या परिसरात सावित्रीबाईंचा पुतळा बसला. अनावरण राज्यपालांच्या हस्ते झाले.

राज्यपालांच्या हस्ते, कारण राज्यपाल हे पदसिद्ध कुलपती. घर सोडले, शिक्का राहिला. पुण्यातले राज्यपालांचे निवासस्थानही आजतागायत विद्यापीठाच्या शेजारीच, गणेशखिंडीतच आहे. कुलगुरूंची नेमणूक राज्यपालच करतात. विद्यापीठाच्या स्वायत्ततेची चर्चा करताना हा शेजार कोणी लक्षात घेत नाही.

मुख्य इमारतीची डागडुजी अलीकडे चांगली झाली. दगडाचा जुना रंग दिसू लागला, कमानी मोकळ्या झाल्या. आता एक विनंती विद्यापीठाला आहे. इमारतीची माहिती देताना फ्रियर आणि ट्रबशॉ यांच्या जोडीने सुप्याचे शेतकरी, भुयारातून ताटे नेणारे चाकर आणि 22 जूनच्या रात्री रस्त्यावर थांबलेले तिघे भाऊ यांनाही जागा द्यावी. मराठीत, पोर्चमध्येच, पायी येणाऱ्याला वाचता येईल अशा अक्षरात.